ताडोबाचा वाघ आणि कापरा हात

सत्तरी ओलांडलेल्या माणसाने जंगलात जाऊन वाघाचे छायाचित्र काढायचे म्हटले, की घरची मंडळी प्रथम हसतात आणि मग काळजीत पडतात. वाचकहो, असा हट्ट धरणारे आपल्या घरी कोणी असेल, किंवा आपण स्वतःच तो धरला असेल, तर चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबाचा विचार अवश्य करावा. हसण्याचे कारण तेथे फारसे उरत नाही. काळजीचे थोडे उरते. परंतु तिची व्यवस्था लावता येते.

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. १९८६ मध्ये शेजारचे अंधारी अभयारण्य घोषित झाले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प आकारास आला. नाव मात्र या सर्वांहून जुने. तारू नावाचा गोंड पुढारी वाघाशी झुंजताना मरण पावला आणि लोकांनी त्याला देवपण दिले, अशी आख्यायिका आहे. तलावाच्या काठी त्याचे ठाणे आहे. मोहर्लीहून त्या तलावाकडे जाताना रस्त्याच्या कडेला गोंड राजवटीतील दगडी खांब ओळीने उभे दिसतात. वाघाची वाट पाहण्यात जीव शिणला, तर त्या खांबांकडे पाहावे. तेही ताडोबाच आहे.

ज्येष्ठांच्या दृष्टीने या मोहर्ली बाजूचा एक गुण मोठा: मुख्य रस्ता बऱ्याच अंतरापर्यंत डांबरी आहे. आडवाटांवर मात्र जिप्सी उसळते. हाडे ठिसूळ झालेल्यांच्या मणक्याला एखादाच दणका महाग पडू शकतो. म्हणून मागचे उंच बाक तरुणांना द्यावे आणि ज्येष्ठांनी चालकाच्या लगतच्या बाकावर बसावे, पाठीशी उशी घ्यावी. मागून दृश्य अधिक चांगले दिसते हे खरे. तो मोह टाळावा.

माझ्या थोरल्या बंधूंना कंपवात आहे. दादांनी तरुणपणी रोलच्या कॅमेऱ्यावर पुष्कळ छायाचित्रे काढली होती. हात थरथरू लागल्यावर त्यांनी कॅमेरा कपाटात ठेवला, आणि त्याविषयी बोलणेही सोडले. घरात आम्हाला ते बोलणे सोडणेच अधिक लागले. ताडोबाला जाण्याचे ठरले तेव्हा ते म्हणाले, ‘‘मी नुसता बघायला येतो. फोटो तू काढ.’’ मी ते मान्य केले नाही, कारण येथे यंत्राचे गणित त्यांच्या बाजूचे होते.

ते गणित असे. कंपवाताची थरथर साधारणपणे सेकंदाला चार ते सहा वेळा होते. शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवला, तर शटर उघडे राहते ते एका थरथरीच्या अवघ्या दोनशेव्या हिश्शाएवढे. तेवढ्यात हात हलून हलणार किती? शिवाय या आजारातील थरथर बहुधा हात स्वस्थ असताना अधिक आणि कामात गुंतल्यावर कमी असते. उरलेली शिवणीची एक पिशवी सांभाळते. जाड कापडाची, वीतभर लांबीची पिशवी शिवावी. ती रिकामीच न्यावी आणि मुक्कामाच्या गावी तांदूळ घेऊन भरावी. जिप्सीच्या आडव्या दांड्यावर ती ठेवून तिच्यात लेन्स रुतवली, की भार हातावर येत नाही. गाडी थांबताच इंजिन बंद करण्यास चालकाला सांगावे. त्याची थरथर आपल्या हातापेक्षा वाईट असते.

कॅमेरा जड घेऊ नये. लेन्स न बदलता दूरचे जवळ आणणारा हलका कॅमेरा पुष्कळांना पुरतो. वेगळी लेन्स घ्यायचीच असेल तर ३०० ते ४०० मिलिमीटरपर्यंतची घ्यावी. शटरचा वेग आपण ठरवावा आणि बाकीचे कॅमेऱ्यावर सोपवावे, अशी सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, तीच वापरावी. आयएसओ स्वयंचलित ठेवून त्याची मर्यादा ६४०० करावी. पहाटेच्या अंधुक उजेडात चित्र जरा रवाळ येईल. येऊ द्यावे. रवाळ चित्र पाहवते, हललेले पाहवत नाही. हात स्थिर असणाऱ्यांना चालत्या वाघासाठी १/५०० पुरते. धावत्या वाघासाठी १/१००० हवाच. वाघ बांबूच्या गर्द सावलीपुढे उभा असेल, तर कॅमेरा काळोखाला भुलून चित्र अति उजळ करतो आणि गालांवरील पांढरे केस पार धुऊन निघतात. अशा वेळी उजळपणा उणे दोन-तृतीयांश इतका खाली आणावा. गवताची काडी मध्ये आली तर कॅमेरा काडीवरच स्थिरावतो, म्हणून रोखण्याचा बिंदू एकच ठेवून तो डोळ्यावर धरावा.

चष्म्याची अडचण अनेकजण सांगतात. कॅमेऱ्यात डोळा लावतो त्या खिडकीशेजारी बहुधा एक बारीक चाक असते. ते फिरवले की आतील अक्षरे आपल्या नजरेप्रमाणे स्पष्ट होतात. दूरचा चष्मा काढूनही मग पाहता येते. हे घरीच, दिवसाउजेडी करून ठेवावे.

आता औषधांकडे वळू. गाभा क्षेत्रात मोबाइल नेण्यास मनाई आहे, म्हणजे गोळीची आठवण देणारा गजरही बाहेरच राहतो. मनगटी घड्याळ आणि वेळा लिहिलेली चिठ्ठी सोबत असावी. कंपवाताच्या गोळ्यांची वेळ चुकली तर हात-पाय आखडतात, आणि सकाळची फेरी तर उजाडताच सुरू होते. म्हणून वेळा पुढे-मागे कशा कराव्या हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही तेच करावे. गाडीतून ठरावीक जागीच उतरता येते, म्हणून पुष्कळ ज्येष्ठ पाणीच टाळतात. विदर्भाच्या उन्हात हे धोक्याचे आहे, कारण वयानुसार तहानेची जाणीव मंदावते. घोट घोट पाणी देत राहणे हे सोबत्याचे काम. मधुमेह्यांसाठी खिशात साखर हवी. धूळ फार उडते. दम्याचा पंप पिशवीच्या तळाशी नव्हे, हाताशी असावा.

एप्रिल-मेमध्ये पाणवठे आटत जातात आणि वाघ उरलेल्या पाण्यावर येतो, म्हणून छायाचित्रकार तेव्हा गर्दी करतात. चंद्रपूरचा पारा त्या दिवसांत ४५ अंशांवरही जातो. हृदयविकार असणाऱ्यांनी किंवा पंचाहत्तरीपुढील मंडळींनी या लोभात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फेब्रुवारी व मार्चचा पूर्वार्ध बरा. डिसेंबर-जानेवारीत उघड्या गाडीत पहाटे बोचरी थंडी लागते; कानटोपी आणि घोंगडी असेल तर तीही सोसवते.

आमच्या दुसऱ्या फेरीत सांबराने इशारा दिला. पाठोपाठ वानर खकाणले. वाटाड्या हलकेच म्हणाला, ‘‘काकाजी, उठू नका, इकडूनच येते.’’ वाघ दिसताच ताडकन उभे राहणे हा सर्वांचा स्वभाव; परंतु रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना तेव्हाच भोवळ येते. दादा बसूनच राहिले. वाघीण बांबूतून बाहेर आली, रस्ता ओलांडून गेली. सारा प्रकार मिनिटभराचा. त्यांनी नऊ चित्रे घेतली. त्यांतील पाच हललेली होती, दोन काडीवर स्थिरावलेली. उरलेल्या दोहोंत तिचे डोळे लखलखीत आले होते. संध्याकाळी त्यांनी ती दोन चित्रे पाहिली, मग हललेली पाच पाहिली आणि मला विचारले, ‘‘यांना वेग कमी पडला का रे?’’ कॅमेऱ्याविषयी ते कित्येक वर्षांनी बोलत होते.

आरक्षण करताना एवढे पाहावे: गाभा क्षेत्र मंगळवारी आणि पावसाळ्यात बंद असते. सकाळ व दुपार अशा दोन्ही फेऱ्या एकाच दिवशी घेऊ नयेत. मधली दुपार झोपेसाठी ठेवावी. वाघ न दिसण्याची तयारीही ठेवावी आणि ती सोबत्यांनी अधिक ठेवावी, कारण ज्येष्ठांना वाघ न दिसल्याचे दुःख कमी आणि मुलांचा खर्च वाया गेल्याचे अधिक वाटते. तांदळाची पिशवी परतताना रिकामी करावी. आम्ही त्या तांदळाचा भात मोहर्लीतच करून घेतला.