खोटं बोलायची मुभा

रविवार, रात्री साडेअकरा

भाचरं साताऱ्यात आली की खुनाचा खेळ ठरलेलाच. माणसं तितक्या चिठ्ठ्या. एकीवर खुनी, एकीवर डिटेक्टिव्ह, बाकी कोऱ्या. दिवे घालवायचे. खुनी ज्याच्या खांद्यावर टपली मारील त्यानं ओरडून आडवं व्हायचं. मग दिवा, मग जबान्या. मेलेल्यानं बोलायचं नाही आणि खोटं फक्त खुन्यानंच बोलायचं.

आज मेलो मी. सतरंजीवर पडल्या पडल्या ऐकतोय, तर आई शांतपणे सांगतेय, "मी बाई देवापाशी वात सारत होते." समई तर केव्हाच विझलेली! पण प्रेताला कोण विचारतो?

संवाद कुणी लिहून देत नाही, हीच खरी गंमत. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा पदं सूत्रधार गायचा आणि पात्रं आपली भाषणं आयत्या वेळी जुळवायची. आईचं माहेर सांगलीच. रक्तातच असावं.

धाकटी भाची वाकून माझा सदरा बघत होती. "आजी, मामाच्या खांद्यावर कंदी पेढ्याचा चुरा कसा गं?"

शुगरमुळे पेढे बंद असलेल्या आईनं हळूच पदराला बोटं पुसली.