उचल, कोयता आणि अनुवादयंत्र

महाजालावरील अनुवादाचे साधन अचानक चालेनासे झाले की त्याचा दोष शोधणे हे माळवदाची गळती शोधण्यासारखे असते. पाणी ठिबकते एका खणात आणि भेग निघते भलत्याच ठिकाणी.

आमचे वास्तव्य पालीचे. बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, बिंदुसरेच्या धरणाशेजारचे हे गाव. दसरा-दिवाळी उलटली की या भागातून ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात. काही पश्चिम महाराष्ट्रात, तर काही थेट कर्नाटकात, बेळगाव-बागलकोटकडे. तिकडच्या एका कचेरीत द्यावयाचा अर्ज कन्नडमध्ये करून हवा, म्हणून एक कुटुंब आमच्याकडे आले. उचल किती घेतली, कामातून किती फिटली आणि येणे किती उरले, एवढाच त्यातील मजकूर. पण त्या कुटुंबाचे वर्षाचे गणित त्यावर अवलंबून होते.

टंकलेखन केंद्रातून आलेला तो मजकूर आम्ही अनुवादाच्या चौकटीत टाकला. तेथे मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी उमटली आणि यंत्राने तीच खिचडी जशीच्या तशी परत केली. आम्ही प्रथम इतर पाने उघडतात का ते पाहिले, उघडत होती. ब्राउजर बदलला, साठलेली माहिती पुसली. फरक पडला नाही. अक्षरमर्यादेचाही विचार केला, कारण अशा सेवांना मर्यादा असतेच. पण अर्ज जेमतेम पानभर होता. शेवटी ‘पाऊस आला’ हे दोन शब्द स्वतः टंकले आणि कन्नड अनुवाद तत्काळ आला. म्हणजे यंत्र धडधाकट होते; दुखणे मजकुरात होते.

अर्ज जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला होता. अशा फॉन्टमध्ये मराठी केवळ डोळ्यांना दिसते. संगणकाच्या लेखी ती इंग्रजीच अक्षरे असतात, त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतंत्र स्थान आहे, तरीही हा मुखवटा आपल्याकडे पुढे कित्येक वर्षे टिकून राहिला. मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करताच यंत्र बोलू लागले.

दोष कधी खरोखरच पलीकडेही असतो. गुगलने २०११ च्या मे महिन्यात आपली अनुवादाची विनामूल्य प्रोग्रामिंग सेवा बंद करण्याचे जाहीर केले आणि पुढे ती सशुल्क केली. तिच्यावर विसंबलेल्यांना दुसरी वाट शोधावी लागली. मराठी तर गुगलच्या अनुवादात २०१३ मध्ये आली. दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्याने रहाट कोणाच्या हाती आहे हे विसरू नये.

यंत्र सुरू झाल्यावर कन्नड मजकूर आम्ही त्याच यंत्राकडून पुन्हा मराठीत करून घेतला. ही साधी पडताळणी प्रत्येकाने करावी. परत आलेल्या मजकुरात ‘दोन कोयते’ या शब्दांचे ‘दोन विळे’ झाले होते आणि ‘उचल घेतली’ याचे ‘पैसे उचलून नेले’. आमच्याकडे कोयता म्हणजे तोडणीला जाणारी नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी असेल तर तो अर्धा कोयता. उचल म्हणजे हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. हक्काचे येणे मागणारा अर्ज चोरीचा कबुलीजबाब बनून कचेरीत पोहोचला असता! बऱ्याच साधनांत मराठीतून कन्नडकडे जाण्याची वाट इंग्रजीतून जाते. शेकडो वर्षे शब्दांची देवघेव करणाऱ्या दोन शेजारणींनी सातासमुद्रापलीकडच्या मध्यस्थामार्फत बोलावे, तसा हा प्रकार.

आम्ही ‘उचल’ काढून ‘आगाऊ रक्कम’ लिहिले, ‘कोयता’ काढून ‘पती-पत्नीची जोडी’ लिहिले आणि जतकडील एका कन्नड जाणणाऱ्या स्नेह्यांना दूरध्वनीवर मजकूर वाचून दाखवला. त्यांनी आगाऊ रकमेसाठी ‘मुंगड’ हा तिकडचा शब्द नीट बसला असल्याची खात्री दिली, तेव्हाच अर्ज त्या कुटुंबाच्या हाती दिला.

जे यंत्र गप्प बसते त्याची दुरुस्ती आपण करतो, कारण ते गप्प असल्याचे आपल्याला दिसते. खरी जपणूक हवी ती ते अस्खलित बोलू लागते तेव्हा. कोयता म्हणजे दोन माणसे, हे त्याला अजून कोणी तरी सांगावे लागते.