चला, लोणारला मुक्कामाला

तूर घरात येऊन पडली, हरभऱ्याला घाटे धरले आणि गव्हाच्या दोन पाण्यांमध्ये थोडी उसंत मिळाली, की घरात विषय निघतोच, "कुठे तरी जाऊन यायचे का?" यंदा तो निघाला तर लांबचा विचार करू नका, वाचकहो. बुलढाणा जिल्ह्यातच दोन पाणी आहेत. एक हिवरा आश्रमाचे, दुसरे लोणारचे. मधे एक रात्र गाडीत काढायची आणि दोन्ही पाहून यायची.

गाडीत मुक्काम ही काही परदेशी कल्पना नव्हे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कारवान पर्यटनाचे धोरण मंजूर केले. चाकांवरचे घर घेऊन हिंडायचे, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे दमणी जुंपून यात्रेला जाणारी माणसे दुसरे काय करीत होती? खाली कडब्याची गादी, वर ताडपत्री, बैल बाभळीला बांधलेले आणि तीन दगडांच्या चुलीवर पिठले. आता दमणीच्या जागी जीप आली एवढेच. मात्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बायकामुले बसवून रात्रीच्या रस्त्याला लागू नका. हे मी शेतकरी मेळाव्यात सांगतो तेव्हा लोक हसतात, तरी सांगतोच.

सुरुवात हिवरा आश्रमापासून करा. मेहकर तालुक्यातले हे गाव शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमामुळे महाराष्ट्राला ठाऊक झाले. पौषात इथे विवेकानंद जयंतीचा उत्सव होतो. शेतात बसलेल्या लाखो माणसांच्या पंगतींतून ट्रॅक्टर फिरतात आणि पुरी व वांग्याची भाजी वाढली जाते. ती पंगत एकदा पाहावीच. पण निवांतपणा हवा असेल तर उत्सव टळल्यावर जा. जवळच कोराडी प्रकल्पाचा जलाशय आहे आणि त्या पाण्यात विवेकानंदांचे स्मारक. संध्याकाळी काठावर बसा. मुलांना सांडवा दाखवा. धरण भरले की जादा पाणी तिथून नदीला जाते, आणि एरवी कालव्याने पिकाला. येते तसे जातेही, म्हणून ते गोड राहते. ही गोष्ट लक्षात असू द्या, लोणारला उपयोगी पडेल.

मग मेहकर. शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणाची मूर्ती पाहायला अर्धा तास काढा आणि सुलतानपूरवरून लोणार गाठा. मेहकरपासून हे अंतर पंचवीसेक किलोमीटर भरेल.

रात्री गाडी कुठे लावायची हा खरा प्रश्न. सरोवर आणि भोवतालचे रान २००० सालापासून अभयारण्य आहे. त्या हद्दीत तंबू ठोकायचा, चूल पेटवायची हा विचार मनातही आणू नका. गावात उतरायची सोय मिळते. पण या भागात सोयरे नाहीत असे घर आपल्या जिल्ह्यात विरळाच! सोयऱ्याचे खळे हाच आपला मुक्कामाचा तळ. विचारून गाडी लावा, उभ्या हरभऱ्यात चाक घालू नका. कुटाराच्या ढिगाजवळ चूल नको. वारा फिरला की वर्षभराची वैरण एका ठिणगीत जाते. निजताना निखाऱ्यावर पाणी ओता, माती लोटा. पिण्याचे पाणी घरूनच कॅनमध्ये न्या. थंडी चांगलीच पडते, तेव्हा एक घोंगडी जास्त घ्या.

सकाळी लवकर, तिकीट काढून, वन खात्याच्या माणसाला वाट विचारून खाली उतरा. काठावरून पाहिले की एवढी मोठी परात जमिनीत कोणी दाबली असे वाटते. तोंड सुमारे १.८ किलोमीटर रुंद, खोली दीडशे मीटरच्या आसपास. आकाशातून आलेली उल्का आपल्या काळ्या बेसाल्ट खडकात घुसली आणि हा खड्डा पडला. पूर्वी त्याचे वय ५२ हजार वर्षे मानीत; नंतरच्या मोजणीत ते ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. गावचे लोक लवणासुराची गोष्ट सांगतात. विष्णूने त्याला मारले, म्हणून गावात दैत्यसूदनाचे देऊळ. ते देऊळ दुपारी पाहा, कोरीव काम फार सुरेख आहे. उतारावर दाट झाडी, मोर, वानरे. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र वरूनच दर्शन घ्यावे, चढ सोपा नाही.

आता घरून पुडीत नेलेली हळद काढा. ओल्या हळदीचे बोट पांढऱ्या चिंधीवर ओढा आणि त्यावर सरोवराच्या पाण्याचा थेंब टाका. पिवळे बोट लालसर होईल. चुना लागून हळदीचे कुंकू होते, तोच हा प्रकार. पाण्याचा सामू दहाच्या घरात आहे. जुन्या काळी इथला खार गोळा करून विकलाही जाई.

हा खार आला कोठून? या तळ्याला सांडवा नाही. झरे आणि पाऊस खडकातले क्षार घेऊन आत येतात. उन्हाने पाणी उडते, क्षार मागे राहतात. असे हजारो वर्षे चालले आहे. आपल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या किंवा निचरा नसलेल्या चोपण रानाचे दुखणे याच जातीचे, फक्त तिथे काठ दिसत नाही. रान पाहून नुसते जिप्सम टाकणाऱ्याला मी आधी चर कुठे काढलास ते विचारतो. सोडियम सुटा झाला तरी त्याला बाहेर जायला वाट लागते.

जून २०२० मध्ये पाणी आटले, खारटपणा वाढला आणि त्यात जगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे सगळे तळे गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून हे सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरात रामसर पाणथळांच्या यादीत लोणारचे नाव लागले. अलीकडे उलटे होते आहे. पाणी चढून काठच्या कमळजादेवीच्या देवळाला लागल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. गोडे पाणी फार मिसळले तर त्या खारात जगणारे जीव टिकणार नाहीत, आणि तसले जीव सहसा दुसरीकडे सापडत नाहीत. त्या देवीची यात्रा नवरात्रात असते. तेव्हा शांतता शोधू नका.

आणि हो, काठावर साबणाची वडी, शाम्पूची पुडी, निर्माल्य, प्लास्टिकची पिशवी काही टाकू नका. कोराडीत पडलेले एखादे वेळी सांडव्यावरून वाहून जाईल, इथे पडलेले इथेच राहते. एक रिकामे पोते गाडीत ठेवा, स्वतःचा कचरा त्यात भरा. हळदीची चिंधीही त्यातच. दुपारच्या आत चढून वर या, सोयऱ्यांकडे भाकरी खा आणि निघा. दिवे लागायला घरी पोचाल, म्हणजे दुसऱ्या दिवशी गव्हाला पाणी द्यायला मोकळे.