नाही म्हणायची मुभा

आमचं घर ग्वाल्हेरला, लष्कर भागात. शिंद्यांच्या काळात कधीतरी इकडे येऊन स्थायिक झालेल्या मराठी घरांपैकी एक. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. आमच्याकडे मोठे निर्णय कुणी घेत नाही. ते झालेलेच असतात. काकांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं आणि किडनी आत्या देणार, हेही असंच ठरून गेलं. बाबांना मधुमेह, आजी थकलेली, काकूचा रक्तगट जुळत नाही. चुलतभाऊ तेवीस वर्षांचा, ठणठणीत, पण "त्याचं अजून सगळं व्हायचंय." आत्या पंचेचाळीसची, लग्न न केलेली, शाळेत शिकवणारी. "तिला काय, मागेपुढे कोण आहे?" हे तिच्यासमोरच बोललं गेलं. तीही हसली.

तपासण्यांसाठी मी तिच्याबरोबर दिल्लीला जायचे. रक्त, चोवीस तासांची लघवी, हृदय, किडनीच्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन. दात्यावर स्वतःला काही आजार नसताना शस्त्रक्रिया होते, म्हणून एवढी चाळणी. शस्त्रक्रिया आता दुर्बिणीतून होते, बहुतेकांना काही दिवसांत घरी सोडतात, पण महिना-दीड महिना जड उचलायचं नाही. उरलेली किडनी थोडी मोठी होऊन जास्तीचं काम करते. तरी रक्तदाब आणि लघवीची तपासणी दरवर्षी, जन्मभर. ऊठसूट वेदनाशामक गोळ्या घ्यायच्या नाहीत. तरुण मुलींनी आणखी एक विचारावं: पुढे गरोदरपणात रक्तदाबाचा त्रास व्हायची शक्यता वाढते.

अमेरिकेतल्या २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात आयुष्यभरात स्वतःचीच किडनी निकामी होण्याचा धोका दात्यांमध्ये दहा हजारांत ९० निघाला. तितक्याच निरोगी, पण किडनी न दिलेल्या माणसांत १४. म्हणजे धोका एका टक्क्याहून कमी, पण आहे. शिवाय दिलेली किडनीही घेणाऱ्याला कायमची पुरेलच असं नाही.

भारतातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झालं. तेव्हापासून तंत्र खूप पुढे गेलं. पण आजही आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. अवयव प्रत्यारोपणाच्या २०१४ च्या नियमांत तर स्पष्टच म्हटलंय की दाता स्त्री असेल तर जास्त खबरदारी घ्यावी आणि तिची संमती स्वतंत्र आहे, याची खात्री रुग्णाखेरीज दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावी. हे वाचलं आणि मला आत्याचं ते हसणं आठवलं.

एका खेपेला डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर बसवलं. परतताना गाडीत आत्या म्हणाली, "ते म्हणाले, नको वाटत असेल तर मला सांगा. घरी मी एवढंच कळवीन की दाता म्हणून तुम्ही चालत नाही. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सांगितलंत तरी चालेल." मग बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत राहिली. मुरैना गेल्यावर म्हणाली, "मला कुणीतरी विचारलं गं."

तीन आठवड्यांनी निरोप आला: दाता म्हणून आत्या चालत नाही. कारण तपासणीतलं होतं की तिच्या मनातलं, मी विचारलं नाही. ते कुणाला कळू नये, म्हणूनच तर त्या खोलीचं दार लावून घेतात.

काका अजून डायलिसिसवर आहेत. ते थकलेले दिसले की पोटात तुटतं. आत्याच्याही तुटत असणार. पण एक झालं, घर पहिल्यांदा बसून बोललं. २०११ च्या दुरुस्तीपासून कायद्यात अदलाबदलीची सोय आहे: रक्तगट न जुळणारी दोन कुटुंबं एकमेकांच्या रुग्णांना किडनी देऊ शकतात. काकूने तिथे नाव दिलंय. स्वतःहून.

आपल्यातले बहुतेक जण अठरा पूर्ण केलेले, म्हणजे कायद्याने दाता होऊ शकणारे. उद्या कुणाच्या घरी हा विषय निघाला तर रक्तगट, खर्च, रजा, विमा सगळं विचाराच. पण त्याआधी बघा, की ज्याचं नाव पुढे येतंय त्याला 'नाही' म्हणता येतंय का. तसं म्हणता येत असेल, तरच त्याच्या 'हो'ला दान म्हणावं.