कौलांवरचं गिधाड

म्हसळ्याकडे आमच्या आजोळी गुरं टाकायची जागा गावाबाहेर, ओहोळापलीकडे होती. जनावर मेलं की चौघे-पाचजण ते ओढत तिथे न्यायचे आणि आम्ही पोरं नाकाला रुमाल लावून बांधावर बसायचो. आधी कावळे यायचे. मग आभाळात एक ठिपका, मग पाच, मग मोजणं सोडून द्यायचं. गिधाडं पाय पुढे काढून धपकन उतरायची आणि पंख अर्धवट उघडे ठेवून दुडक्या चालीने धावायची. धोतर सावरत पंगत गाठणारी मंडळीच जणू. फिस्कारणं, ढकलाढकली, एकमेकांच्या पाठीवर चढणं. बघता बघता नुसता सांगाडा उरायचा. वास सुटायला सवडच मिळत नसे.

आजीला मात्र ती नकोशी. एकदा एक गिधाड आमच्या कौलांवर टेकलं, तर तिने भटजींना बोलावून शांत करून घेतली. तीच आजी पोथीत जटायूचे पंख तुटले की डोळ्यांना पदर लावायची.

नव्वदच्या दशकात गोठ्यात डायक्लोफेनॅक आलं. कपिलेची कास सुजली तेव्हा मामाने ते टोचून घेतलं. संध्याकाळी ती रवंथ करायला लागली आणि घराने सुस्कारा सोडला. अशा औषधाला वाईट कोण म्हणणार? दोन वर्षांनी म्हातारा बैल गेला. त्यालाही आदल्या दिवशी तेच इंजेक्शन दिलं होतं. तोही ओहोळापलीकडेच गेला.

औषधाचा आणि गिधाडांच्या मरणाचा संबंध २००४ साली उघड झाला. इंजेक्शननंतर लगेच मेलेल्या जनावराच्या मांसात ते उरतं. ते खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात, आतल्या अवयवांवर युरिक अ‍ॅसिडची पांढरी पुटं चढतात. शंभरात असं एखादं ढोर असलं तरी पुरे, कारण एका ढोरावर अख्खा थवा जेवतो आणि जोडी वर्षाला अंडं घालते एकच. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त संपली. बंदूक कुणी उचलली नव्हती. आमच्या बैलामुळे किती मेली, कुणास ठाऊक. एकही नाही, असं मात्र छातीठोकपणे सांगवत नाही.

२००६ साली गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. मग माणसांसाठीच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचू लागल्या, म्हणून २०१५ साली बाटली तीन मिलिलिटरवर आणली. २०२३ मध्ये गिधाडांना तशीच घातक असलेली अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनही गुरांसाठी बंद झाली. कागदावर सगळं ठीक. पण गोठ्यात इंजेक्शन भरलं जातं तेव्हा सरकार तिथे उभं नसतं.

मामेभाऊ असतो. गुरांचे डॉक्टर आले की तो आधी बाटली मागून घेतो, चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षरं वाचतो. "मेलॉक्सिकॅमच ना?" गिधाडांना ते चालतं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. म्हसळा तालुक्यातल्याच चिरगावला गिधाडांची घरटी राखतात, ते तो बघून आलाय. तिथल्या कामात महाडच्या 'सिस्केप' संस्थेची माणसं आहेत.

ओहोळापलीकडे आता कुत्र्यांचं राज्य. मेलेलं जनावर बहुतेकदा जेसीबीच्या खड्ड्यात जातं. आजोळच्या घरावर पत्रे आलेत. त्यांच्याकडे बघत मी भावाला आजीच्या शांतीची आठवण करून दिली.

"बसू तर दे एकदा," तो म्हणाला. "भटजींनाच जेवायला बोलावतो."