रद्दीतल्या राशी

नवी मुंबईत जुने काही शोधायला निघालेल्या माणसाकडे लोक जरा संशयानेच पाहतात. त्यांचेही खरेच आहे म्हणा! १९७० साली सिडको स्थापन झाली आणि आगरी-कोळ्यांच्या गावांभोवती हे आखीवरेखीव शहर उभे राहिले. इथे चोरबाजार नाही. पण गिरगाव-दादरची बिऱ्हाडे खाडी ओलांडून आली ती आपल्या ट्रंकांसकट. त्या ट्रंका कधीतरी उघडतात आणि आतले कागद वाशी-नेरूळच्या रद्दीवाल्यांच्या तराजूत पडतात. माझा सारा संग्रह त्या तराजूतून उचललेला आहे.

मी बारा राशींची छापील चित्रे जमवतो. जुन्या पंचांगांत राशिभविष्याच्या मथळ्याशी अंगठ्याएवढे ठसे सापडतात. ते शेजारी शेजारी मांडले की खरी मौज! एकाचा मकर शुद्ध सुसर, तर दुसऱ्याचा माशाच्या शेपटीचा बोकड. हा बोकड युरोपातला. आपल्या वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहज्जातका’त मकराला हरणाचे तोंड दिले, मिथुनाच्या हाती गदा आणि वीणा दिली, आणि कन्येला धान्य व अग्नी देऊन चक्क नावेत बसवले. गंमत अशी की, त्याच ग्रंथात मेषाला ‘क्रिय’ आणि वृषभाला ‘तावुरि’ म्हटले आहे. हे ग्रीकांचे ‘क्रिऑस’ आणि ‘टाउरॉस’! ज्या राशी आपण कुळाचारासारख्या जपतो, त्यांचे माहेर असे दूरचे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने आपल्या कल्याण बंदराची नोंद केली आहे. खाडीपुलावरून लोकल धडधडत जाते, तेव्हा मला नावेतली कन्या हटकून आठवते.

माझ्या भिंतीवर एक फ्रेंच पाहुणीही आहे; अर्थात नक्कल. पॅरिसमध्ये राहणाऱ्या आल्फॉन्स मुखा या चेक चित्रकाराने १८९६ साली शांपन्वा या मुद्रकासाठी ती काढली: रत्नजडित तरुणी आणि तिच्या मस्तकामागे राशिचक्राचे वलय. होते ते साधे कॅलेंडर! पुढे ‘ला प्लूम’ नियतकालिकाने तेच आपले १८९७ चे कॅलेंडर केले. त्याच सुमारास, १८९४ साली, मुंबईत रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला होता. रीत तीच, शिळाछापाची: दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचे, दगड ओला करायचा, पाणी शाईला झिडकारते आणि चित्रच तेवढे कागदावर उमटते.

फरक एवढाच की, पॅरिसचे कॅलेंडर लोकांनी जपले, म्हणून ते आज संग्रहालयांत आहे. आमचे ठसे कोरणाऱ्यांची नावेदेखील पंचांगावर नसतात, आणि पाडव्याला नवे पंचांग आले की जुने माळ्यावर जाते. तिथून पुढची वाट कागदाच्या लगद्याची.

तेव्हा गृहिणींनो, यंदा दिवाळीची साफसफाई करताना जुने पंचांग हाती लागले तर रद्दीत टाकण्यापूर्वी एकवार चाळा. फाटले असेल तर चिकटपट्टी मात्र लावू नका. ती कागद पिवळा करते. सपाट, कोरड्या जागी ठेवा. त्यातले भविष्य तर केव्हाच होऊन गेले. चित्रे तेवढी राहू द्या.