टायरची पत्रिका

टायर बदलायचे आहेत, हे शहाण्याने चारचौघांत बोलू नये. गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी घाटातल्या एका वळणावर आमची छोटी एसयूव्ही जरा जास्तच घसरली, आणि मी ते ऑफिसात बोलून बसलो. झालं! एक म्हणाला, "चिखलाचे दांडगे टायर घाल." लोणावळ्यापलीकडे कधी न गेलेला दुसरा म्हणाला, "छे, ऑल-टेरेनच!" मलाही मी लडाखचे खडक चढताना दिसू लागलो.

दुकानदाराने मात्र टायरची पत्रिकाच मांडली. २१५/६० आर १६ ही अंगकाठी. शेवटचे २३२५ म्हणजे जन्म २०२५ सालच्या २३व्या आठवड्यातला.

"वर्षातून चिखलात किती दिवस?" त्याने विचारलं.

"गणपतीत गावी जातो, ते चार," सौ. म्हणाली. "बाकी ऑफिस."

"मग चिखलाचा कशाला? ओल्या डांबरावर पकड कमी, आवाज फार."

"आवाज करणारं एक आहे घरात," इति सौ.

मग त्याने माझा जुना टायर दाखवला. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की उरली जेमतेम १.६ मिलिमीटर. टायर संपला! माझी केव्हाच आली होती. पाणी बाहेर फेकायला खाचच नाही, आणि मी शिव्या देत होतो घाटाला. त्या वळणावर मागे आई बसली होती.

मुकाट्याने खोल खाचांचे, साधे रस्त्याचे टायर घातले. आईने चारींना हळदकुंकू वाहिलं. पत्रिका न बघता.